गळ्याभोवती सदतीस

आज आठ वाजता वीस गोगलगायी आल्या,
निळ्या पिशवीत, तळाशी तळ्याचं थोडं गढूळ पाणी.
चिठ्ठीवर सुथिनचं तिरकं अक्षर:
नोंग हान, पूर्वेचा काठ. विक्रेती, लामयाई.
चिठ्ठीला काय माहीत
ही लामयाई माझ्या आईची थोरली बहीण,
आणि पिशवीची ही गाठ मी
शाळेत जायच्या आधीपासून ओळखते.
दोन वेढे, एक कान.

हातोडीचा हलका ठोका.
कवच फुटतं भाजलेल्या शेंगेसारखं.
मग पेप्सिन, आम्ल, सदतीस अंशांची ऊब:
काचेच्या भांड्यातलं एक खोटं पोट,
आणि तासभर
त्या पोटाची राखण करणारी मी.

मांस विरघळतं.
उरतं ते, जे पोटाला पुरून उरतं.
गाळणीखाली बारीक, वाळूच्या कणांएवढ्या
गोल गोल पुट्या.
प्रत्येकीत कुणीतरी मुटकुळं करून निजलेलं,
आपल्या घराची वाट बघत.
घर म्हणजे बदक. उंदीर.
किंवा ता खामसिंग.

ता खामसिंग कच्च्याच खातात.
लिंबू, मिरची, भाजल्या तांदळाचं कूट, वर भाताची दारू.
"लिंबानं शिजतं की," म्हणतात,
"बघ, पांढरं झालं!"
पांढरं होतं खरं. तेवढंच होतं.
पुटी आंबट पाण्यानं अंघोळ करते
आणि कूस बदलून परत झोपते.

आजान सांगायच्या, तोंड बघत बसू नकोस,
गळा बघ.
गळ्याभोवती पट्टी, पट्टीवर काटे,
कोपऱ्यात पाच इकडे, पाच तिकडे,
बाकीचे दोन रांगांत, एकाआड एक.
सदतीस भरले तर एक नाव,
त्रेचाळीस भरले तर वेगळं,
एकोणपन्नास भरले तर आणखी तिसरं.
एखादा काटा गळून पडलेला असला
तर अख्खी दुपार.

पहिल्यांदा चौतीस.
मग छत्तीस.
चाकी केसभर फिरवली
की मागची रांग पुढे येते, पुढची विरते,
आणि मोजलेलं सगळं पाण्यात.

काट्यानं काटा काढतात म्हणे.
पा लामयाई लिंबाच्या काट्यानं
गोगलगाय ओढायची कवचातून,
एका हिसक्यात, शेपटीचा पीळ न तुटता,
आणि ठेवायची माझ्या भातावर.
शेवटची नेहमी मलाच.
त्या किती झाल्या
ते कुणी मोजलं नाही.

तिसऱ्यांदा सदतीस.
चौथ्यांदाही.

पण एवढ्याशा काट्यांची साक्ष पुरत नाही.
नाव पक्कं करायचं तर
त्याला मोठं व्हावं लागतं,
आणि मोठं व्हायला
कुणाचं तरी आतडं.
मागच्या खोलीत हॅमस्टर
सूर्यफुलाच्या बिया गालात भरतोय.
त्याला मी नाव ठेवलेलं नाही.
इथली रीतच अशी:
एकाच्या नावासाठी
एक बिननावाचा लागतो.

संध्याकाळी फोन.
"काय निघालं गं, वांपेन?"
मी म्हटलं, सदतीस.
"सदतीसला कोण देतंय?
बाजारात चाळीसनं जातंय वाटीभर!"

मग मी सगळं सांगितलं.
पुट्या, पट्टी, कोपऱ्यातले पाच.
ती गप्प. मागे कुणाचा तरी कोंबडा.
मी म्हटलं, विकणं बंद करू नकोस,
फक्त दहा मिनिटं जास्त उकळ,
आणि कच्च्या मागणाऱ्यांना देऊ नकोस.
"दहा मिनिटांत रबर होतं," ती म्हणाली.
"आणि खामसिंगला नाही कोण म्हणणार? तू?"

अहवालात हे लिहायला रकाना नाही.

"रविवारी ये," म्हणाली,
"चाप्लूची पानं घालून, नारळाच्या दुधात करते."

येते म्हटलं.
घड्याळ घेऊन जाणार आहे.