पाच मीटर

वाद तसा मार्चपासूनचा.
निहारचा कॉम्प्युटर खिडकीपाशी,
टीव्ही समोरच्या भिंतीवर, आणि मधे माझी कॉट.
अब्बासियातल्या एका खोलीत
वस्तूंना जागा बदलायची मुभा नसते.

पहिली केबल होती आखूड,
गुडघ्याच्या उंचीवर ताणलेली, ओढणी वाळत घालावी तशी.
रात्रपाळी संपवून सकाळी आठला आले,
पडदे ओढलेले, पोरगा शाळेत,
आणि मी चपलांसकट पालथी.
त्याच दिवशी जाहीर केलं:
या घरात यापुढे वायर नाही.

हवल्लीच्या दुकानातला मिसरी म्हणाला,
"मॅडम, सगळं हवेतून. खलास."
बावीस दिनार मोजले.
खारकेएवढ्या दोन काळ्या डब्या,
एक इकडे, एक तिकडे.
चार दिवस झाडू कसा सरळ फिरला!

पाचव्या दिवशी निहार म्हणाला, "आई, उशीर होतो."
कसला उशीर?
"मी आत्ता दाबतो. गोलकीपर नंतर झेप घेतो.
बॉल आत गेल्यावर."
किती नंतर?
त्याने चुटकी वाजवली.
"याच्याहून कमी."
चुटकीहून कमी उशिरासाठी
डोळ्यांत पाणी आणणारं माणूस
मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं,
आणि हसले. हसायला नको होतं.

मग तोझ उठला.
दोन दिवस खिडकीबाहेर हळदीच्या रंगाची हवा,
सगळी बिल्डिंग घरात.
शेजारी बिन्सी चेचीचा वायफाय, खाली टेलरचा,
वर नेपाळी पोरांचे तीन,
सगळे एकदम सिनेमा बघायला बसलेले.
हवेत पाय ठेवायला जागा नाही.
निहारचा गोलकीपर चौकोन-चौकोन होत
अर्ध्या झेपेत थिजला,
आणि मागे स्कोअर बदलला.
पोरगा काही बोलला नाही.
कंट्रोलर उशीखाली ठेवून झोपला.

आमच्या हृदयाच्या वॉर्डात दोन्ही असतं.
जे हिंडू-फिरू शकतात
त्यांच्या गळ्यात बिनतारी पेटी:
ते कॉरिडॉरभर चालतात, खिडकीतून पार्किंग बघतात,
त्यांचे ठोके माझ्या पडद्यावर येतात, कधी क्षणभर पुसट होतात,
मी वाट बघते.
आणि ज्यांची वाट बघणं परवडत नाही
त्यांना वायर.
बारा वर्षं हे करते आहे,
कोणाला मोकळं सोडायचं, कोणाला नाही.
घरात मात्र निर्णय घेतला
सुजलेल्या गुडघ्याने.

पुन्हा हवल्ली. तोच मिसरी, मिशीतल्या मिशीत.
पाच मीटरची केबल, पावणेतीन दिनार.
टेबलामागून खाली, भिंतीच्या कडेने,
कॉटखालून, दाराच्या चौकटीवरून वळसा,
मग वर.
मी चिकटपट्टी फाडत गेले, तो दाबत गेला.
पट्टी हॉस्पिटलातलीच, पण विकत घेतलेली.
अंगठ्याने कडा दाबायला त्याला शिकवलं,
सुईवर लावतात तशी.
तीस सेंटिमीटर उरली. तिची गुंडाळी टीव्हीमागे.

कोणी म्हणेल, नाळ.
मी म्हणणार नाही.
नाळेचं काम दुसऱ्या मजल्यावर असतं.

डब्या फेकल्या नाहीत.
याचे बाबा खफजीच्या रिगवरून सहा दिवसांसाठी येतात
तेव्हा मोबाइलमधले फोटो टीव्हीवर लावतात.
फोटोंना घाई नसते.

गुरुवारी सुट्टी होती. म्हटलं, मलाही दे.
सहा-शून्य.
प्रत्येक गोलनंतर मी केबलकडे बघितलं.
"आई," तो म्हणाला, "तिच्यात काही नाही.
आता उशीर तुझा आहे."
सहावा गोल त्याने हळू मारला असावा.
तरी नाही अडला.

सकाळी आठला अंधाऱ्या खोलीत शिरते.
कॉटपाशी पाय अजून उंच उचलते,
जिथे आता काहीच नाही
त्यावरून.