आगपेटी

एकोणीस वर्षं दर शुक्रवारी
शाळा सुटल्यावर मी मागच्या बाजूला जायचे,
फणसाच्या बुंध्यापासून दहा पावलं सोडून
आठवड्याचा ढीग करायचे
आणि एका काडीत मोकळी व्हायचे.
पावसात थोडं रॉकेल.
कुणी मला तसं सांगितलं नव्हतं.
माझ्या आधीचा दत्ताराम करायचा, म्हणून मी.

धूर नदीकडे जायचा.
नदीकडे गेलं ते गेलं,
असं वळवईत आम्ही सगळेच धरून चालतो.

यंदा जुलैत सातवीच्या पोरांनी
माझी आगपेटीच मागितली.
मैथिली च्यारी पुढे, तळवा पसरून,
मागे तन्वेष, इनासिन, आणि झर्मेकरांचा तो,
जो वर्गात कधी बोलत नाही.
"बाय, जाळू नकोस. आधी मोजतो."

मोजतो म्हणजे खरंच मोजलं.
इनासिनची आई फेरीधक्क्यावर नुस्तें विकते,
तिची तागडी आली वर्गात
बांगड्यांच्या वासासकट.
एका पारड्यात वजन,
दुसऱ्यात वेफर्सची रिकामी पाकिटं.
पारडं हलेचना.
आणखी घातली, आणखी घातली.
"ह्याला वजनच नाही," झर्मेकर बोलला,
"म्हणून तर उडतं."
सगळे वळून त्याच्याकडे बघत राहिले.

पाव मात्र जड.
दुपारच्या जेवणातले बावीस उंडे, अर्धे चावलेले,
पोदेराने पहाटे भाजलेले,
एक तर नुसताच कुरतडलेला, उंदराने कुरतडावा तसा.

शनिवारी फळ्यावर आकडे लागले.
पाचवी सातशे ग्रॅम. सहावी नऊशे.
सातवी, लपवलं नाही त्यांनी, एक किलो शंभर.
आणि अगदी खाली, जरा बारीक अक्षरात,
शिक्षक खोली: दोन किलो चारशे.
चहाचे कागदी पेले, दुसरं काय.

हेडसरांनी वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.
सोमवारी भिंतीत नऊ खिळे,
खिळ्यांना नऊ कप.
धुवायचे कुणी, हा प्रश्न
खोलीभर फिरून माझ्यापाशी येऊन थांबला.
मी तोंड उघडायच्या आत दारातून तन्वेष म्हणाला,
"ज्याचा त्याने."
आता मधल्या सुट्टीत गणिताच्या बाई
नळावर रांगेत उभ्या असतात,
पाचवीच्या पोरांच्या मागे.

खरं सांगते, मला राग आला होता.
माझ्या झाडूला ही कोण शिकवणारी?
एकोणीस वर्षं मी ज्याला साफ म्हणत होते
त्याला त्यांनी फळ्यावर धूर लिहिलं,
आणि माझ्या खोकल्याला, ज्याला मी पावसाळी खोकला म्हणायचे,
काहीच नाव दिलं नाही.
फक्त मैथिलीने विचारलं,
"बाय, तुला उन्हाळ्यातपण येतो ना?"

पाव आता इनासिनच्या आजीच्या डुकरांना जातात,
तेही कमी पडतात, ती कुरकुरते,
कारण पोरं आधी अर्धा घेतात, मग मागतात.
बाकीचं तीन गोण्यांत. बुधवारी पंचायतीचा टेम्पो.
कधी येतो, कधी येत नाही.
आला नाही की चौघं पंचायतीत जाऊन बसतात,
दप्तरं मांडीवर घेऊन, काही न बोलता.
फेरीतून उतरणारे अजून टाकतात,
वारा आणतो कुंपणाच्या आत,
पोरं शिव्या देत उचलतात. शिव्या मी ऐकल्या नाहीत.

चवथीच्या आदल्या दिवशी
मैथिलीने आगपेटी परत दिली.
काड्या मोजल्या होत्या म्हणे, एकतीस.
"घरच्या समईला ने."

शुक्रवारी पाय अजून तिकडेच वळतात.
सगळीकडे गुडघाभर गवत,
मध्येच तेवढं काळं वर्तुळ उघडं.
झर्मेकर रोज वाकून बघून येतो.
मी विचारत नाही. तोच सांगतो,
"अजून नाही."