भुतावळ : दोन हजार गुण

मी दात बनवतो. मडगावात, पाजीफोंडला,
जिन्याखालच्या खोलीत
लोकांच्या हिरड्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकमध्ये ओततो.
रात्री त्याच दिव्याखाली, त्याच कोरणीने
भुतं.

चाळीस लागतात. दोन हजार गुणांत
एवढीच बसतात, सेनापती धरून.
विकत एकही घेतलं नाही.
लॅन्सी स्विंडनला गेला, तेव्हा त्याचे तीन बुटके
खोक्यात राहिले, एकाला कुऱ्हाड नव्हती.
मिलाग्रिसनं एल्फांचं अख्खं दळ विकलं,
उरला एक धनुर्धर, घोट्यात मोडलेला.
बाबल्याचे नऊ सांगाडे. जुझे फिलिपचा अर्धा राक्षस.
पासपोर्टाचा रंग बदलला की माणूस
आधी नियमांचं पुस्तक भरतो, मग फासे,
आणि मोडकं तोडकं मला देतो :
ठेव तू, तुझ्याकडे चिकटवायला असतं.

जुलैत पांढरा फवारा मारला.
जुलैत मारू नये, हे शेंबडं पोरही सांगेल.
हवेत एवढं पाणी, रंग दाणेदार बसला,
जुन्या भिंतीला लोणा फुटावा तसा.
बुटक्याची दाढी गेली, एल्फाचं नाक गेलं.
पुसणार होतो.
मग दिव्यापुढे धरून बघितलं, आणि नाही पुसलं.
वरून पातळ हिरवा,
समुद्रानं घासलेल्या बाटलीचा असतो तो,
घड्यांत साचू दिला.
कोरड्या ब्रशनं कडा उजळल्या.
पायांखाली जांभ्याचा चुरा, आमच्याच पायरीचा.
आता कोण कुणाचा होता
ते उंचीवरून ओळखायचं.

सेनापती मात्र माझा.
दाताच्या मेणात कोरला राखणदार :
खांद्यावर घोंगडी, एका हाती दांडा, एका हाती कंदील,
पायात एकच वहाण.
दुसरी कोरताना तुटली.
म्हटलं, शीव राखता राखता झिजली असेल,
गाव नवी ठेवील तोवर असाच चालेल.

भुतं भिंतीतून जातात.
साध्या तलवारीनं मरत नाहीत, पळत तर नाहीतच.
पण सेनापती पडला
की दर फेरीला थोडी थोडी विरतात,
कुणी न मारता. पान एकशे बारा.

शनिवारी एव्हारिस्तशी डाव.
बेकरीच्या माडीवर, टेबलटेनिसच्या टेबलावर.
खालून पोयांचा वास. पंखा बंद,
पंख्याच्या वाऱ्यानं माझी माणसं लवंडतात.
त्याचे भालाईत निळ्या डगल्यांचे, सगळे जिवंत,
प्रत्येकाला भुवया रंगवलेल्या.
"पात्रांव, हो लॅन्सीचो न्हू?"
म्हटलं, होता.
भयाची चाचणी. तीन आणि दोन. तरला.
तिसऱ्या फेरीत मी थर्मोकोलच्या कपेलाच्या
भिंतीतून अकरा जण काढले त्याच्या पाठीत,
तेव्हा तो खुर्चीवरून उठला, चहा प्यायला,
आणि मंतरलेला गोळा डागला माझ्या कंदिलावर.
सहा.

मग मी एकेक उचलू लागलो.
धनुर्धर. दोन सांगाडे. राक्षस, अर्धा तर अर्धा.
तो म्हणाला, सावकाश काढ, घाई नाही.
आणि त्याच आवाजात म्हणाला,
बावीस तारखेचं तिकीट आहे.

त्यानं आवरलं. प्रत्येक भालाईत
आपापल्या फोमच्या खाचेत, मोठ्यानं मोजून.
मी वाट बघत होतो. काहीच मोडकं निघालं नाही.
काहीच ठेवलं नाही मागे.

घरी येऊन मोजली. एकोणचाळीस.
लॅन्सीचा बिनकुऱ्हाडीचा नव्हता.
दुसऱ्या दिवशी बेकरीत जाऊन
टेबलाखाली वाकलो, पिठात बोटं फिरवली,
पोदेर हसला.
एव्हारिस्तला विचारलं नाही.
आज बावीस.

मोरेनो बाईचा खालचा जबडा द्यायचा होता,
तो आधी उरकला.
मग मेण परत तापत ठेवलं.
डावी वहाण.