पाणी मुरतं कुठं

बाहेर उणे एकतीस, आणि हिला ताप.
हिच्यात काटाच नाही. एक लाल दिवा तेवढा,
पाण्यात उभ्या थर्मामीटरचं चित्र.
तो पेटला नारान्तूल बाजाराच्या वळणावर,
मागच्या सीटवर एक म्हातारी, मांडीवर गोठलेली अर्धी मेंढी.
हीटर गार वारा फेकू लागला
तशी म्हातारी म्हणाली, "मेली का गं तुझी गाडी?"
आणि अर्धंच भाडं दिलं.

नेर्गुईचं गॅरेज म्हणजे एक कंटेनर.
आधीची दोन पोरं गेली म्हणून आईने याचं नाव ठेवलं
नेर्गुई, बिननावाचा,
मरणाला यादीत सापडू नये म्हणून.
पण सगळं उलानबातर त्याला नावानिशी ओळखतं.

किती पळाली?
तीन लाख चौऱ्याऐंशी हजार.
पहिले लाखभर जपानात. तिथले रस्ते
हिने कधी सांगितले नाहीत.
फक्त रोज सकाळी बटण दाबलं की
एक बाई आतून अदबीने काहीतरी म्हणते.
सात वर्षं मी तिला "तुझाही" असं उत्तर देत आलेय.
नेर्गुई हसला. तो तिकडे मासे सोलत होता दोन वर्षं.
"ती म्हणते, टोलचं कार्ड घातलेलं नाही."

त्याने आधी रेडिएटरपुढचा नमद्याचा तुकडा काढला.
"हे तर पोरंही करतात," म्हणाला, स्वतःलाच.
पंखा फिरत होता.
पाण्याच्या पंपाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून
मूठ कानाशी धरली, वैद्यासारखी मान तिरकी:
गुणगुणतोय. पंप नाही.
खाली पुठ्ठा सरकवला, तो कोरडाच निघाला.
थेंब नाही, डाग नाही.
"मग पाणी मुरतं कुठं?"

इंजिन चालू ठेवायचं तर हिची मनधरणी करावी लागते,
हवं तेव्हा गप्प बसायची हिची खोड.
पेडल दोनदा पार्कमध्ये, दोनदा न्यूट्रलमध्ये,
पुन्हा दोनदा पार्कमध्ये,
जणू बंद दारावर ठरलेली थाप.

"सकाळी सुरू होताना थरथरते?"
या थंडीत कोण थरथरत नाही?
"अर्धा मिनिट?"
हो.
"धूर पांढरा?"
जानेवारीत इथे कुणाचा काळा आहे?
तो सायलेन्सरपाशी गुडघ्यांवर बसला, नाक पुढे केलं.
"गोड आहे," म्हणाला. त्याचा चेहरा मात्र कडू.

काचेच्या नळीत निळं औषध.
टाकीच्या तोंडावर धरली. बुडबुडे आले, उकळीचे नव्हेत.
निळं हिरवं झालं, मग पिवळं,
आणि मी उगाच कंटेनरच्या दाराकडे बघत राहिले.

"हेड गॅस्केट. पाणी आतच जळतंय.
कितीदा भरतेस?"
महिन्यातून एकदा.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
बरं, आठवड्याला. अर्धा लिटर.
"यात एवढं भागत नाही."
मला न विचारता त्याने बातखुयागला फोन लावला,
रात्रपाळी माझा भाऊ चालवतो.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग: "दर दोन दिवसांनी टाकतो. ताईला सांगू नका.
हप्ते फिटेपर्यंत तिला घोर नको."

त्याची बाटली स्टेपनीच्या खळग्यात सापडली.
माझी ड्रायव्हरच्या सीटखाली होती.
नेर्गुईने दोन्ही पत्र्याच्या टेबलावर ठेवल्या,
गुलाबी, अर्ध्या-अर्ध्या, एकाच दुकानाच्या.
वर्षभर दोघे एकाच तोंडात पाणी घालत होतो
आणि टाकी भरलेली पाहून
दोघांनाही वाटत होतं, आपलं एकट्याचं पुरतंय.

बारा लाख तुगरिग. हेड वाकलं असेल तर वर आणखी.
गाडी विकली तर तेवढे येतीलच असं नाही.
"ठरवा," तो म्हणाला, "पण दोघं मिळून."

बातखुयाग बसने आला, पापण्यांवर बर्फ.
काही बोललो नाही.
तो चाकाशी बसला, मी बाजूला.
बटण दाबलं, ती बाई म्हणाली कार्ड नाही,
आणि इंजिन गप्प ठेवून,
उरल्यासुरल्या बॅटरीवर,
गाडी बर्फ करकरवत कंटेनरात शिरली.