पातं वर जाताना

माझं काम एवढंच: हातात कळकाची काठी,
टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
आणि ट्रेलरच्या पुढं चालत तारा उचलायच्या.
विजेच्या, केबलच्या,
एकदा तर कुणाच्या तरी हळदीच्या मांडवाच्या माळा.

पातं केवढं? मी पावलांनी मोजलं.
सत्तर पावलं. पवनचक्कीच्या तीन बोटांतलं हे एक.
बोगद्यातनं जाणार नव्हतंच,
म्हणून शेंद्र्याकडनं वळसा,
म्हणून वळणावरच्या एका गोठ्याचा कोपरा काढला.
भरपाई दिली, सही घेतली.
म्हैस दिवसभर त्या उघड्या कोपऱ्याकडं बघत होती.

ड्रायव्हर जसमेर, हरियाणाकडचा.
मराठी तीन शब्दांची: थांब, हळू, चहा.
दाराच्या आतल्या बाजूला खडूनं हिशेब लिहितो.
हायवेला लिटरमागं दीड किलोमीटर.
घाट लागला की नुसते लिटर लिहितो,
किलोमीटरची जागा कोरी.

गजवडी मागं पडली आणि चढ अंगावर आला.
मागं रांग लागली: दुधाचा टेम्पो, ठोसेघरची एसटी,
धबधबा बघायला निघालेल्या चार गाड्या,
काचा वर, एसी चालू, इंजिनं चालू.
सगळे जागच्या जागी प्रवास करत होते.
काळा धूर दरीत उतरत होता
आणि करवंदीच्या जाळीत अडकून बसत होता.

तेवढ्यात एक बाई आली, डोक्यावर मोळी.
एसटी मागं टाकली, टेम्पो मागं टाकला,
पात्याच्या कडेकडेनं सत्तर पावलं चालली,
माझ्या काठीखालनं वाकून पुढं निघून गेली.
जसमेर हसला. म्हणाला, इसका ॲव्हरेज क्या है?
मी म्हटलं, एक भाकरी.
म्हणालो खरं, पण
तिनं सकाळी ती खाल्ली होती का
हे काही मला ठाऊक नव्हतं.

वरच्या वाडीत शटडाऊन घेतलेला, दहा ते चार.
लायनमन शेडगे खांबावर, खाली पिठाची गिरण बंद,
दळपाचे डबे रांगेत, आणि त्यांचे मालक
पायरीवर बसून वीज वर जाताना बघतायत.
एकानं विचारलं,
ह्यातली आपल्याला किती येणार?
शेडगे खांबावरनं म्हणाला, आधी तार तर जोडू दे.

साहेबांना मी विचारलं होतं एकदा.
एवढं डिझेल, एवढं लोखंड, सिमेंटच्या एवढ्या गाड्या,
वारा हे कधी फेडणार?
म्हणाले, वर्षाच्या आत. पुढची वीस वर्षं नफ्यातली.
खोटं बोलायचा माणूस नाही तो.
मी मान डोलावली, कारण माझं स्वतःचं
मोपेडचं कर्ज तीन वर्षांचं आहे.

उतरताना ट्रेलर रिकामा नव्हता.
जुनी पाती खाली आणायची होती, छोटी, पिवळी पडलेली,
कडा वाऱ्यानं कुरतडलेल्या.
ती जळत नाहीत, वितळत नाहीत,
भंगारवाला हात लावत नाही.
पायथ्याच्या पडीक रानात नऊ टाकलीत एकावर एक.
मी एकाचा तुकडा कापून आणला,
शेळ्यांवर छप्पर घातलं.
पाऊस गळत नाही. रात्री वारा सुटला की
ते अजून हुं हुं करतं.
शेळ्यांना आता सवय झालीय. बायकोला नाही.

संध्याकाळी काम सुटलं.
काठी पाठीला बांधली, मोपेड उताराला लावली
आणि इंजिन बंद केलं.
असं करू नये, ब्रेक तापतात, मला माहीत आहे.
पण पाच किलोमीटर काहीच जळलं नाही.
शर्टात वारा शिरला, मी फुगलो.
मागं वळून बघता येत नव्हतं, नाहीतर बघितलं असतं
वर एखादं तरी फिरतंय का ते.
शेवटच्या वळणानंतर रस्ता सपाट झाला,
गाडी हळू हळू थांबली.
मग किक मारली.