बुडापर्यंत पळी

दिवसभर माझ्या बोटांतून
दुसऱ्यांची तूरडाळ जाते.
खडा वेगळा, काळा दाणा वेगळा.
लातूरच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमधे
आम्ही अकराजणी,
संध्याकाळी पदर झटकला की
पिवळी धूळ उडते.
आणि घरच्या पातेल्यात वरण असं
की वरची ट्यूबलाइट त्यात अख्खी दिसावी.

अंगणवाडीत धाकटीला काट्यावर ठेवलं.
ताईनं कागद फिरवून दाखवला, पिवळा पट्टा.
"लाल नाही ना?" मी विचारलं.
"नाही. पण तुझा कागद असता, प्रयाग,
तर तू कुठल्या रंगात असतीस?"
मी हसले.
आयांना कुठं काट्यावर ठेवतात!

भिंतीवर तक्ता होता.
सफरचंद, अंडी, दुधाचा पेला,
एक गोरी बाई, तिच्या ताटात सात रंग.
मी मनात तिला विचारलं,
बाई, तुला हजेरी किती पडते?

येताना पोरीनं दुकानापुढं फतकल मारली,
पाच रुपयांच्या पुड्यासाठी.
दिला घेऊन. खोटं का सांगू?
रडं थांबवायला तेवढंच परवडत होतं.

शेडमागं नाल्याकडेला शेवगा आहे.
शेंगा मुकादम नेतो,
पाला कुणीच नेत नाही.
शकीलाबी म्हणाली, "माझी सास डाळ घालून करायची.
पहिल्यांदा कडू लागंल. लागू दे."

कडू लागली.
नवरा म्हणाला, "शेळीचं ताट माझ्याकडं कसं आलं?"
पोरगी थुंकली.
आपल्याला नाही जमत, म्हणून मी भांडी घासली
जरा जास्तच आवाज करत.

चार दिवसांनी पुन्हा केली.
आधी पाला उकळून घेतला,
लसूण ठेचला, जवसाचं कूट टाकलं.
नवरा काहीच बोलला नाही.
आमच्याकडं ह्यालाच शाबासकी म्हणतात.

पळीचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.
सासूनं शिकवलेलं तेच करत आले:
बुडातली पळी गड्याला,
मधली लेकरांना,
आपण शेवटी पातेल्यात पाणी फिरवून
त्यात भाकरी चुरायची.
बारा वर्षं.
पातेलं घासायला काही उरायचंच नाही.

त्या गुरुवारी पगार नव्हता, सण नव्हता.
मी पळी बुडापर्यंत नेली
आणि ढवळलं.
खालची डाळ वर आली.
दोन लेकरांच्या, एक त्यांची,
आणि चौथी ताटली मांडताना आवाज झाला.
सगळ्यांनी बघितलं.
हात थरथरला, एवढं कबूल करते.
तिच्यातही तेवढीच पळी घातली
आणि बसले.

"आई, तू आत्ताच जेवायलीस?"
धाकटीनं डोळे मोठे केले.

"हो," म्हटलं,
"भाकरी सरकव इकडं."