सतरा नंबरची काच

कालामाच्या बाहेर, जिथे पाऊस ही ऐकीव गोष्ट,
लोखंडी घोड्यांवर चाळीस काचा उभ्या आहेत
उत्तरेकडे तोंड करून, कारण इथला सूर्य तिकडून चालतो.
ऊन चढलं की त्या तांबूस होतात, मग तपकिरी,
आणि त्या काळवंडण्यातूनच
बोटभर तारेत वीज सोडतात.
ऊन उतरलं की पुन्हा पाण्यासारख्या.

एदुविना चोके त्यांची वही ठेवते.
सकाळी किती निवळ. दुपारी किती गडद.
संध्याकाळी किती परतली.
तिसरा रकाना तिनं स्वतः पट्टीनं आखला,
कंपनीच्या तक्त्यात तो नव्हता.

इंजिनियर फुएन्सालिदाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
काचेच्या पोटात एक पापुद्रा आहे,
त्यात स्फटिक, आणि स्फटिकाला बिलगलेली थोडी वाफ.
तापलं की वाफ सुटते, कडेच्या पोकळीत जाऊन बसते.
स्फटिक एकटा पडतो. एकटा पडला की रंग धरतो.
निवलं की वाफ घरी येते.
'सगळी?'
बाई हसल्या नाहीत.
'तेच मोजायला तुला ठेवलंय.
इमारत बांधणारे वीस वर्षांची हमी मागतात.
आपल्याकडे वीस महिने आहेत
आणि हे ऊन.'

एदुविनाचा नवरा फेर्मीन वर खाणीत असतो,
सात दिवस तिकडे, सात दिवस घरी.
चौदा वर्षं.
त्याच्यासाठी तिनं रकाना आखलेला नाही.
पूर्वी तो फाटकापासूनच शीळ घालत यायचा,
आता कुलपात किल्ली फिरल्यावर कळतं,
एवढंच.

(माझ्या भाषेत रंगही विटतो आणि माणूसही.
तिच्या भाषेत दोघांना वेगळी क्रियापदं आहेत,
त्यामुळे तिला दोन्ही गोष्टी
वेगवेगळ्या खिशांत ठेवता येतात.)

फेब्रुवारीत डोंगरापलीकडून दमट वारा आला,
दोन रात्री राहिला.
सतराव्या काचेची कड कुठेतरी उसवली असणार.
खालच्या कोपऱ्यात पिवळा डाग, नखाएवढा,
मग बशीएवढा.
पिवळा म्हणजे शिसं सुटं झालं,
पिवळा परत येत नाही.
सांतियागोहून निरोप: सतरा बाद, सोमवारी उतरवा.

रविवारी फेर्मीन डबा घेऊन आला.
आवारात तो कधीच आला नव्हता.
टोपी मागे सरकवून त्यानं ओळ पाहिली,
वाळवंटात कोणीतरी घर बांधायला घेतलं
आणि खिडक्यांपाशीच थांबलं, अशी.
सतरापुढे उभा राहिला.
'हिला काय झालंय? चांगली गडद होतेय की.'

'गडद होणं सगळ्यांना जमतं,'
एदुविना म्हणाली, वहीतून मान वर न करता.

तो काही बोलला नाही.
मका खाल्ला, चीज खाल्लं,
पिंपावर बसून राहिला, ऊन उतरेपर्यंत.
सहाच्या सुमारास पहिली काच सुटली, मग तिसरी,
मग एकदम दहा-बारा, पलीकडे ज्वालामुखी दिसू लागला,
एकोणचाळीस चौकटींत एकोणचाळीस ज्वालामुखी,
आणि एका चौकटीत
झोपेतून पुरतं न उठलेल्या डोळ्यातून पाहावा तसा,
कडेला पिवळा.
पण होता.

ती मीटर आणायला शेडमध्ये गेली.
परतली तेव्हा तो बाहीनं सतरावरची धूळ पुसत होता,
वर्तुळं वर्तुळं, खाणीतल्या ट्रकची काच पुसतात तशी.
'हात लावायचा नसतो!'
धूळसुद्धा मोजलेली असते, तिनं सांगितलं,
चारशे दिवसांची धूळ, तुझ्या एका बाहीत गेली.
तो ओशाळला. बाही झटकली,
जणू काही ती परत टाकता येईल.

मीटर लावलं. आकडा कालच्यापेक्षा बरा आला,
अर्थात. त्यात काचेचं कर्तृत्व काही नव्हतं.
तरी तिनं तो तिसऱ्या रकान्यात लिहिला,
आणि समासात नियमाप्रमाणे:
'पुसली गेली.'

कोणी, ते लिहिलं नाही.